चाकू ठेवायचा कुठे?

रोपवाटिकेत येणारी माणसं माझ्या हातातला चाकू पाहून हमखास विचारतात, "ताई, चाकू कोणता घ्यावा?" कंपनी, पोलाद, किंमत सगळं त्यांना हवं असतं. मी आधी विचारते, "ठेवणार कुठे?" या प्रश्नाचं उत्तर ज्याच्याकडे नाही, त्याचा चाकू महिन्याभरात कपाटाच्या खणात जातो. रोज लागणारी वस्तू रोज अंगावर असावी लागते आणि अंगावर राहायची तर तिला तिथे ठरलेली जागा हवी.

दापोली तालुक्यात माझी लहानशी रोपवाटिका आहे. पावसाळ्यात आमच्याकडे हापूसची कोयकलमं होतात. त्या कामाचा चाकू वेगळा असतो. तांबूस पानांच्या कोवळ्या रोपाचा शेंडा उडवायचा, खोडाला मधोमध साधारण तीन-चार सेंटिमीटरची चीर द्यायची, कलमकाडीला तेवढीच पाचर तासायची आणि दोन्ही बसवून प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायची. सालीखालचा जिवंत थर दोन्हीकडे एकमेकांना नीट टेकला तरच कलम जगतं, आणि फाटक्या कापाला ते जमत नाही. म्हणून कलमाच्या चाकूने दुसरं काहीही कापायचं नाही, असा आमच्याकडे नियमच आहे. बाकीची सगळी कापाकापी दुसऱ्या छोट्या चाकूवर येते: खताच्या गोणीचा टाका, सुतळी, ठिबकची नळी, पेटीची पट्टी, वहीच्या पेन्सिलचं टोक, दुपारी एखादी कैरी. कलमाचा चाकू संध्याकाळी पुसून डब्यात जातो. छोटा चाकू सकाळपासून रात्रीपर्यंत माझ्याबरोबर फिरतो. हा लेख त्याच्याविषयी आहे.

हत्याराला अंगावर जागा करून देण्याची रीत कोकणाला नवी नाही. बागेत जाणाऱ्या जुन्या माणसाच्या कमरेला मागच्या बाजूला दोरीने बांधलेली लाकडी आकडी असते. तिच्या खाचेत कोयती अडकवायची की दोन्ही हात झाडावर चढायला मोकळे. हात मागे नेला की मूठ हाताला लागते, बघावंही लागत नाही. मी आकडीकडे फार आदराने बघते, कारण चांगल्या जागेची सगळी लक्षणं तिच्यात आहेत. हत्यार हलत नाही, वाकलं तरी पडत नाही, पातं अंगाला लागत नाही आणि काम झालं की ते परत तिथेच जातं.

लहान वस्तूंसाठी आपल्याकडे कडोसरी होती. धोतराच्या किंवा लुगड्याच्या कमरेशी केलेल्या त्या खोचणीत नाणी, किल्ली, तंबाखूची पुडी सगळं राहायचं. पानसुपारीची चंची असली तर अडकित्ता तिच्यात. बंडीला आतून चोरखिसा असायचा. हळद लागलेला नवरदेव हातात कट्यार किंवा चाकू घेऊन फिरतो आणि तिच्या टोकाला लिंबू खोचलेलं असतं. त्यामागे दृष्ट लागू नये ही समजूत आहे, हे खरं. पण गर्दीच्या मांडवात उघडं टोक कुणाला लागू नये याची सोयही त्या लिंबाने आपोआप होते, हे मला दर लग्नात जाणवतं.

मिटणाऱ्या खिशातल्या चाकूची गोष्ट सांगायची तर स्वित्झर्लंडला जावं लागतं. कार्ल एल्सनर यांनी १८८४ मध्ये श्वीत्स परगण्यातल्या इबाख गावी चाकूंचा कारखाना काढला आणि १८९१ मध्ये स्विस सैन्याला शिपायांचे चाकू पुरवायला सुरुवात केली. तो चाकू दणकट होता, पण जड. अधिकाऱ्यांसाठी काही हलकं आणि देखणं हवं म्हणून एल्सनर यांनी नवी रचना केली आणि १२ जून १८९७ रोजी ती कायद्याने नोंदवून घेतली. तिची खुबी पाठीच्या स्प्रिंगमध्ये होती. दोनच स्प्रिंगांवर सहा अवजारं बसवल्यामुळे चाकूची जाडी आणि वजन आटोक्यात राहिलं. आईच्या निधनानंतर, १९०९ मध्ये, एल्सनर यांनी तिचं व्हिक्टोरिया हे नाव मालाला दिलं. १९२१ मध्ये गंजरोधक पोलादाचं 'इनॉक्स' त्याला जोडलं गेलं आणि व्हिक्टोरिनॉक्स हे नाव तयार झालं. जगभर पसरला तो अधिकाऱ्यांचा चाकू, शिपायांचा नव्हे. मला यातून एवढंच दिसतं की माणसांनी अधिक अवजारांपेक्षा खिशाला न जाणवणारा चाकू पसंत केला.

आजही निवड करताना हाच हिशेब लावावा. त्याच कंपनीचा स्विसचँप नावाचा अवजारांनी भरलेला चाकू साधारण १८५ ग्रॅमचा आहे. तो हातात घेऊन पाहायला सुरेख, पण सुती पँटच्या खिशात टाकला की चालताना मांडीवर आपटत राहतो. ५८ मिलिमीटरचा क्लासिक अवघा २२ ग्रॅमच्या आसपास. त्यात छोटं पातं, कात्री आणि नखांची कानस असते. शहरातल्या माणसाचं बहुतेक काम तेवढ्यात भागतं. माझा चाकू या दोघांच्या मधला आहे. मिटल्यावर ८४ मिलिमीटर लांब, ॲल्युमिनियमची मूठ, सपाट, वजन सुमारे ४६ ग्रॅम. सपाटपणा मला वजनापेक्षाही महत्त्वाचा वाटतो. जाड वस्तू खिशात आडवी होते, सपाट वस्तू शिलाईला टेकून उभी राहते.

आता खिसा. पुरुषांना वाटतं, त्यात काय, टाकला खिशात. पण सुटा टाकलेला चाकू खिशाच्या तळाशी जाऊन आडवा पडतो. त्याच्यावर किल्ल्या, किल्ल्यांवर सुट्टे पैसे. फोनच्या काचेवर ओरखडे पडतात, तळाची शिलाई झिजते आणि कपड्याचे तंतू चाकूच्या सांध्यात जाऊन बसतात. तंतू, धूळ आणि घाम एकत्र झाले की पातं उघडताना करकरतं. दर आठ-पंधरा दिवसांनी जुन्या टूथब्रशने सांधा झाडावा आणि खोबरेल तेलाचा एक थेंब सोडावा. खोबरेल काही काळाने चिकट होतं, म्हणून सांध्यासाठी शिलाई मशीनचं तेल अधिक चांगलं. पण ज्या पात्याने फळ कापायचं त्याला खोबरेलच.

मागचा खिसा चाकूसाठी वाईट. स्कूटरवर बसलं की तो रुततो, आणि उथळ खिसा असेल तर उठताना सीटवरच राहतो. शर्टाचा वरचा खिसा त्याहून वाईट, कारण वाकलं की चाकू विहिरीत. जीन्सच्या उजव्या खिशात आणखी एक इवला खिसा असतो. खिशातल्या घड्याळासाठी अमेरिकेतल्या कामगारांच्या पँटींना तो एकोणिसाव्या शतकापासून असे. हातावरची घड्याळं आली, तो खिसा मात्र राहिला. लहान चाकूला ती जागा इतकी चपखल बसते की जीन्स घालणाऱ्याला मी दुसरं काही सुचवतच नाही.

चाकू क्लिपने खिशाच्या काठाला अडकवण्याची पद्धत तुलनेने अलीकडची आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधल्या स्पायडर्को कंपनीने १९८१ मध्ये 'वर्कर' नावाचा चाकू काढला. त्याच्या मुठीला क्लिप होती आणि एका हाताने उघडता यावं म्हणून पात्याला गोल भोक होतं. तेव्हापासून ही कल्पना सगळीकडे गेली. क्लिपमुळे चाकू तळाशी न जाता वर, हाताशी राहतो, खिसाही मोकळा राहतो. टोक वर ठेवून अडकवायचा असेल तर पात्याची पाठ खिशाच्या मागच्या शिलाईला टेकेल असा अडकवावा. मग चुकून उघडू लागलं तरी शिलाई ते अडवते. दुसऱ्या बाजूला सरकलेला चाकू खिशात हात घालणाऱ्याच्या बोटांना लागू शकतो. क्लिप जाड कापडावर चांगली बसते, पातळ सुती पँटवर खिसा ओघळतो.

तरीही आपल्याकडे मी क्लिप फारशी सुचवत नाही. बाहेरून दिसणारी ती पट्टी ओळखणाऱ्याला चाकू सांगते, आणि न ओळखणाराही बघत राहतो. एस.टी.त शेजारी बसलेल्या बाईला माझ्या कमरेला काय लटकलंय याची काळजी वाटावी, हे मला पटत नाही. बागेत क्लिप चालेल. बाजारात चाकू न दिसणंच बरं.

बायकांच्या कपड्यांचा प्रश्न मला सगळ्यांत जवळचा आहे, कारण याच ठिकाणी सगळे सल्ले थांबतात. चाकू कसा बाळगावा यावर जे काही सांगितलं जातं ते खोल, शिवलेला, दोन्ही बाजूंचा खिसा गृहीत धरून. आमच्या साड्यांना खिसा नाही, तयार पंजाबी ड्रेसला बहुतेक वेळा नाही, आणि असला तर तळहाताएवढा. वास्तविक शेतीतली किती कामं बायका करतात! लावणी, बेणणी, काढणी, निवडणं, बांधणं, सगळीकडे कापायला काहीतरी लागतं. मग पिशवी बांधावर, चाकू पिशवीत आणि बाई खाचरात. दातांनी सुतळी तोडणाऱ्या बायका मी रोज बघते आणि मला त्याचा राग येतो. त्यांना हत्यार परवडत नाही असं नाही, त्यांच्या कपड्यांनी हत्याराला जागा ठेवलेली नाही.

बाजारात बसणाऱ्या अनेक बायकांनी यावर पूर्वीच उपाय काढलेला आहे. त्या परकराला आतून खिसा शिवून घेतात, पैशांसाठी. त्या खिशात चाकूही राहतो, पण तिथवर हात पोचवायला निऱ्या बाजूला कराव्या लागतात, म्हणून दिवसातून दोनदा लागणाऱ्या वस्तूला तो ठीक, वीसदा लागणाऱ्या वस्तूला नाही. कमरेच्या खोचणीत चाकू वाकताना निसटतो. ब्लाउजमध्ये पाकीट ठेवण्याची सवय असलेल्या काकी चाकूही तिथेच ठेवू लागल्या तेव्हा मी त्यांना थांबवलं. घामाने सांधा गंजतो, आणि धारेची वस्तू छातीशी नकोच.

आमच्या रोपवाटिकेत रुजलेली पद्धत अशी. साडी नेसणाऱ्या बायका साडीवर पुरुषी शर्ट घालून काम करतातच, उन्हासाठी आणि चिकासाठी. त्या शर्टाच्या खालच्या भागात उजवीकडे एक खोल खिसा लावायचा आणि त्याच्या आत, मागच्या शिलाईला लागून, चाकूपुरती एक अरुंद उभी कप्पी शिवायची. कुर्त्याला बाजूच्या शिलाईत खिसा काढता येतो. त्यातही तीच कप्पी. कापड मांजरपाटाचं, तळाला दुहेरी शिलाई. चाकू उभा राहतो, तंतू कमी लागतात, किल्ल्या त्याला भिडत नाहीत आणि हात आत गेला की पहिला तोच लागतो. कप्पीला चाकूची आठवण असते असं मी म्हणते: ती रिकामी असली की बोटांना लगेच कळतं आणि चाकू कुठल्या वाफ्यावर राहिला ते त्याच क्षणी शोधता येतं. संध्याकाळी शोधण्यात अर्थ नसतो, तोवर पालापाचोळ्यात तो गेलेला असतो. मुठीच्या कडीला लाल किंवा केशरी नायलॉनची वीतभर दोरी बांधली की गवतात तो दिसतोही.

लांब दोरी मात्र नको. गळ्यात दोरीने चाकू अडकवण्याची पद्धत जहाजावरच्या खलाशांची. समुद्रात पडला तर गेलाच, म्हणून त्यांना ते भाग होतं. झाडावर चढणाऱ्याने किंवा यंत्राजवळ काम करणाऱ्याने गळ्यात दोरी घालू नये. फांदीत अडकली तर ती सुटत नाही. किल्ल्यांच्या जुडग्यात चाकू ठेवायचा तर तो ५८ मिलिमीटरवालाच. त्याहून मोठा असला की स्कूटरच्या किल्लीबरोबर लोंबकळत राहतो.

पट्ट्याला अडकवलेलं म्यान हवं असणाऱ्यांनी फिनलंडचा पुक्को पाहावा. तो न मिटणारा छोटा चाकू आहे. त्याच्या कातडी म्यानात पात्याबरोबर अर्धी मूठही आत जाते, त्यामुळे बटण-पट्टी काही न लावता तो घट्ट बसतो. फार विचारपूर्वक केलेली रचना. पण ती कोरड्या थंड देशातली. आमच्या जुलैत कातडं ओल धरतं, कमावताना वापरलेली रसायनं त्यात असतात, आणि चार दिवस तसंच ठेवलं तर पात्यावर तांबडे ठिपके येतात. कोकणात कातडी म्यान चाकू नेण्यासाठी वापरा, ठेवण्यासाठी नाही. रात्री चाकू बाहेर काढून कोरड्या फडक्यावर ठेवायचा.

गंजाबद्दल दोन गोष्टी नीट समजून घ्याव्यात. पोलादात किमान १०.५ टक्के क्रोमियम असलं तर त्याला स्टेनलेस म्हणतात. क्रोमियमच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर पृष्ठभागावर तयार होतो आणि गंज अडवतो. अडवतो म्हणजे पूर्ण थांबवतो असं नव्हे. खारं वारं आणि घाम सतत मिळाला तर स्टेनलेसही डागाळतं. साध्या कार्बन पोलादाला धार लवकर आणि छान लागते, पण कैरीचा एक काप केला तरी ते काळं पडतं. कैरीचा चीक तर ताबडतोब पुसावा, तो कातडीलाही पोळतो. जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये फ्रान्सच्या साव्वा भागात काढलेला लाकडी मुठीचा चाकू मला फार आवडतो. १९५५ पासून त्याला पातं अडकवणारी फिरती कडी आली. हलका, स्वस्त, उत्तम कापणारा. पण त्याची बीच लाकडाची मूठ पावसाळ्यात फुगते आणि पातं त्यात इतकं आवळलं जातं की नखाने उघडत नाही. मुठीचं मागचं टोक टेबलाच्या काठावर ठोकलं की पातं थोडं बाहेर येतं, ही तिकडच्या लोकांचीच युक्ती. आमच्याकडे मात्र जून ते सप्टेंबर ओपिनेल घरात आणि ॲल्युमिनियमचा चाकू खिशात.

कायद्याबद्दल लोकांच्या मनात भीती आणि बेफिकिरी दोन्ही असते. देशभर लागू असलेल्या शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या यादीत येतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली अवजारं त्यातून वगळली आहेत. खिशातला अडीच इंची चाकू या मापाच्या आसपासही नाही. पण एवढ्यावर निर्धास्त होऊ नये. दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेने बटणाने किंवा स्प्रिंगने उघडणाऱ्या चाकूंसाठी ७.६२ सेंटिमीटर लांबी आणि १.७२ सेंटिमीटर रुंदी अशी बरीच खालची मर्यादा घातली आहे. आपल्याकडे महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली सण, निवडणुका, मोर्चे अशा वेळी मनाई आदेश निघतात आणि त्यांत शस्त्रं, सुरे, काठ्या बाळगण्यावर बंदी असते. वर्तमानपत्रात दोन ओळींची बातमी येते, ती वाचावी. त्या दिवसांत शहरात जाताना चाकू घरी ठेवावा.

खटक्याचा रामपुरी छापाचा चाकू तर घेऊच नये. तो कामाचा नाहीच. त्याला एका झटक्यात उघडण्याची घाई आहे आणि गोणीच्या टाक्याला ती घाई नको असते. दोन हातांनी, नखाने, सावकाश उघडणारा चाकू बघणाऱ्याला घाबरवत नाही. समोर माणसं असताना चाकू उघडायचा तर आधी काय कापायचं ते हातात घ्यावं, मग चाकू काढावा. दुसऱ्याला देताना मिटूनच द्यावा. सुरी हातात देऊ नये, भांडण होतं, खाली ठेवून द्यावी असं आपल्या घरांत सांगतात. ती सवय मी मुलांना मुद्दाम लावते.

न्यायालय, मंत्रालय, मेट्रो, मोठी देवस्थानं, जिथे तपासणी आहे तिथे चाकू नेऊ नये. तिथला शिपाई आपलं कारण ऐकण्यासाठी बसलेला नसतो. विमानात हातातल्या सामानात चाकू चालत नाही, कितीही छोटा असला तरी. चेक-इनच्या बॅगेत चालतो. सगळ्यांत जास्त चाकू किल्ल्यांच्या जुडग्यातले जातात, कारण ते चाकू आहेत हेच आपण विसरलेलो असतो. म्हणून बॅग भरताना पहिली वस्तू चाकू, कपड्यांच्या आधी. लेकीकडे किंवा भावाकडे इंग्लंडला जाणाऱ्यांनी तिथला नियम लक्षात ठेवावा: कारण न सांगता बाळगायचा चाकू मिटणारा हवा, उघडल्यावर लॉक होणारा नको आणि धार ३ इंचांपेक्षा जास्त नको. म्हणजे तो फ्रेंच कडीवाला चाकू तिथे सहज खिशात टाकून फिरता येणार नाही, स्विस साधा चालेल.

आता शिंप्याकडे जाताना काय सांगायचं ते. माप तोंडी देऊ नका, चाकू सोबत न्या. तो मिटून कापडावर उभा ठेवायला सांगा. कप्पीची रुंदी चाकूच्या रुंदीपेक्षा बोटाच्या पेराएवढी जास्त, आणि खोली अशी की चाकूचं वरचं टोक अर्धा इंच बाहेर राहील. त्याहून खोल झाली तर ओल्या हाताने चिमटीत येत नाही. कप्पी मागच्या शिलाईला लागून हवी, मधोमध नको. खिशाच्या तोंडाशी दोन्ही कोपऱ्यांत आडवे टाके मारून घ्या, खिसा पहिला तिथेच उसवतो. डावखुरे असाल तर डावीकडे शिवायला आठवणीने सांगा. आमचा शिंपी आता विचारत नाही, पण नवा शिंपी नक्कीच उजवीकडे शिवून ठेवेल.